माणसाचे पंधरा गुण

“वयाचे दहा. पैकीच्या पैकी.” सीतारामपंतांनी पेन्सिलीने कागदावर आकडा टिपला आणि चष्म्यावरून गेणूकडे पाहिलं. “पस्तिशी ओलांडली की दर वर्षाला एकेक गुण कापतात. तू अगदी वेळेत आलास.”

गेणू सातकर खरं तर पंतांच्या विहिरीवरचा पंप बसवायला आला होता. मोटार तशीच पोत्यावर पडून होती आणि हा बाबा वार्निशने काळे झालेले हात गुडघ्यांभोवती गुंफून ओसरीच्या पायरीवर बसला होता. लोणावळ्याच्या बाजारात, एका छोट्या दुकानात तो जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचा. जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि वाळवायची. लोणावळ्याच्या ओलीने बंगल्याबंगल्यांतल्या मोटारी पावसाळ्यात पटापट जळत, त्यामुळे या दिवसांत त्याला जेवायलाही फुरसत नसायची. आज मात्र फुरसतच फुरसत होती.

सीतारामपंत रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले होते. त्यांचे जावई कॅनडात होते आणि तिथे कायमचं राहायला येणाऱ्यांसाठी तिथल्या सरकारने काढलेलं एक पुस्तक त्यांनी सासऱ्यांना पाठवलं होतं. पंतांना स्वतःला कुठे जायचं नव्हतं. पण कोरा फॉर्म दिसला की तो कुणाचा तरी भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि गेणू आयताच सापडला होता.

“शाळेची अकरा वर्षं, अकरा गुण. हातातल्या कामाचे समजा सात. या कामाला तिथे मागणी आहे, त्याचे बारा. जिथे जाशील तिथल्या गरजेचे तीन. इंग्रजी येतं का?”

“मोटारीच्या पाटीवरचं समदं वाचतो की.”

“बोलतोस?”

“मोटारी कुटं बोलत्यात, पंत.”

पंतांनी तीन गुण लिहिले आणि बेरीज केली. शेचाळीस झाले.

“आन् पास व्हायाला?”

“पन्नास.”

गेणू उठला आणि हात झटकून मोटारीकडे वळला. चार कमी म्हणजे चार कमी. शाळेत असताना त्याने एकदा गणितात हा अनुभव घेतलेला होता.

“थांब रे, अजून पंधरा शिल्लक आहेत. ते मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या हातात असतात. माणूस कसा आहे, याचे पंधरा.”

गेणू पुन्हा पायरीवर बसला. “कसा म्हंजी?”

“म्हणजे आपल्या माणसांत मिसळेल का, अडचणीत मार्ग काढेल का, असं काहीबाही लिहिलंय.”

“आन् ते त्याला एका भेटीत कळतं?”

“अर्ध्या तासात,” पंत म्हणाले.

झालं. तिथेच गेणू अडकला. त्याचा हा जुना रोग होता. कुठलीही गोष्ट आत कशी चालते हे पाहिल्याशिवाय त्याला स्वस्थता नसे. सासूचं शिवणयंत्र त्याने सासुरवाडीच्या पहिल्याच मुक्कामात उघडलं होतं आणि ते पुन्हा बंद होईपर्यंत तीन दिवस गेले होते. आता एका परक्या सरकारने माणूस मोजायचं यंत्र काढलं होतं, त्यातले पंच्याऐंशी गुण त्याला समजले होते आणि पंधरा समजत नव्हते. कॅनडाला जायचं की नाही हा विचार त्याने पुढे ढकलला. आधी ते पंधरा कसे मोजतात ते बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना बातमी कळली. वार्निश पाजलेल्या मोटारी पावसात वाळत नाहीत, म्हणून गेणू त्या शेजारच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचा. दुपारचे पाव निघाले की भट्टीत जी ऊब उरते ती मोटारीला अगदी बेताची असते. हा शोध त्याचाच. बेकरीवाले कोंडाजीशेठ भट्टीचं दार उघडून म्हणाले, “गेण्या, माज्याकडनं तुला पंधरातले चौदा.”

“एक कुटं गेला?”

“परवाच्या पावाला वार्निशचा वास मारत व्हता, तितं गेला.”

मग सगळ्या बाजाराला तो चाळाच लागला. चहावाल्याने उधारीवाल्यांना गुण लावले, टांगेवाल्यांनी एकमेकांना नापास केलं. गेणू हसत होता. पण गावाकडे परतताना, पॅसेंजरच्या खिडकीशी बसून, तो समोरच्या अनोळखी माणसांना खरोखरच निरखत होता. हा अडचणीत मार्ग काढील का? ही बाई माणसांत मिसळेल का? त्याच्या गावचं कान्हे स्टेशन येईपर्यंत त्याने सात-आठ जणांना गुण दिले आणि एकाचीही खात्री वाटली नाही.

घरात त्याची बायको कस्तुरा, थोरली भावजय रतनबाई आणि दोन मुलं होती, भिमा आणि सरू. दोघंही नऊ वर्षांची आणि चौथीत. गेणूचा थोरला भाऊ सोपान काविळीने गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. रतनबाई घर आणि शेत बघायची, कस्तुरा तिच्या हाताखाली. मुलं रतनबाईला थोरली आई म्हणायची आणि कस्तुराला धाकली आई. गेणू दोघांचाही तात्या होता.

“कायमचं म्हंजी किती वर्सं?” कस्तुराने भाकरी थापता थापता विचारलं.

“कायमचं म्हंजी कायमचं.”

“आन् परत?”

“परत येता येतं. पर घर तितलं.”

कस्तुराने भाकरी उलटली. “आन् तुमाला जायाचंय?”

“मला बगायचंय,” तो म्हणाला. “लहानपनापासनं मोटारीवरच्या पाट्या वाचतूय. त्या जितं ठोकत्यात तितलं कारखानं बगायचं हायेत. आन् पोरं चांगल्या साळंत शिकतील.”

रतनबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही. ती एरवीही फार बोलत नसे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फॉर्म भरायला पंतांना दोन रविवार लागले. टंकलेखन यंत्राची एकेक कळ ते देवाला फूल वाहावं तशी दाबत.

“मुलं किती?”

“दोन.”

“नावं?”

“भिमाजी आन् सरूबाई.”

“जन्मतारखा?”

त्या काही गेणूला पाठ नव्हत्या. घरात कुणाचे वाढदिवस कधी झालेच नव्हते. मग पंतांनी ती जागा कोरी सोडली आणि गेणूने शाळेतून दोघांचे दाखले आणून तारखा स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्याचं अक्षर चांगलं होतं. लिहून झाल्यावर त्याने पाकीट चिकटवलं आणि दिल्लीला रवाना केलं. भाद्रपद संपता संपता उत्तर आलं. साहेब मुंबईत येणार होता आणि गेणूची मुलाखत ठरली होती.

साहेब चाळिशीचा, तांबूस केसांचा आणि वागायला साधा होता. शेजारी एक मराठी बाई दुभाषी म्हणून बसली होती. साहेबाने विचारलं, मोटार का जळते? हा प्रश्न गेणूला कुणी आजवर विचारलाच नव्हता. लोक फक्त कधी मिळेल ते विचारत. त्याने समोरचा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि ओल तारेत कशी शिरते, लोक पंप आटलेल्या विहिरीवर कसा चालू ठेवतात, हे चित्र काढून सांगायला सुरुवात केली. पाव भाजून झाल्यावरच्या भट्टीचंही सांगितलं. दुभाषी बाई मागे पडली. साहेब मध्येच हसला आणि त्याने काहीतरी लिहिलं.

“तुम्हाला काही विचारायचंय का?” शेवटी त्याने विचारलं.

“व्हय. माणूस कसा हाय ते तुमी कसं मोजता?”

बाईने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि थोडा विचार केला.

“खरं सांगायचं तर मी गप्पा मारतो,” तो म्हणाला. “आणि नंतर हा माणूस माझ्या शेजारी राहायला आला तर मला चालेल का, असं स्वतःला विचारतो.”

गेणूला हे इतकं पटलं की त्याने मान हलवली. म्हणजे यंत्र वगैरे काही नव्हतंच. एवढ्या मोठ्या देशाने शेवटी शेजाऱ्यासारखाच विचार केला होता.

“तुम्हाला मी अकरा दिलेत. एकूण सत्तावन्न होतात. तुम्ही पास आहात,” साहेब म्हणाला. मग त्याने फॉर्मचं पान उलटलं. “फक्त एक गोष्ट मला समजली नाही. मुलगी मार्चमधली आहे आणि मुलगा त्याच वर्षीच्या जुलैमधला.”

“व्हय.”

“चार महिन्यांचं अंतर आहे.”

गेणूने तारखा पाहिल्या. स्वतःच्याच अक्षरात, एकाखाली एक लिहिल्या होत्या. त्याने त्या लिहिल्या तेव्हाही पाहिल्या होत्या आणि तेव्हा त्या दोन पोरांच्या दोन तारखा होत्या, एवढंच. आता त्याचे कान तापले. समोरचे दोघं त्याच्याकडे, खोटं बोलताना पकडलेल्या माणसाकडे पाहावं तसे मुळीच पाहत नव्हते, नुसते वाट पाहत होते. आणि तेच त्याला जड गेलं.

“सरू माज्या भावाची,” तो म्हणाला. “ती चार म्हयन्याची व्हती तवा भाऊ गेला. वैनींचं दूध आटलं. तवाच आमचा भिमा झाला, मंग माज्या बायकूनं दोगांला पाजलं. साळंत घालताना गुर्जींनी बापाचं नाव इचारलं, मी माजं सांगितलं. दोन पोरं, दोनदा तेच सांगितलं. खोटं बोलायचं म्हनून न्हाई सांगितलं, साहेब.”

बाईने ते सगळं सावकाश इंग्रजीत सांगितलं.

“माझा तुमच्यावर विश्वास आहे,” साहेब म्हणाला. “पण तिची आई जिवंत आहे?”

“हाये.”

“मुलीला कायमचं घेऊन जाताय, याला तिची संमती आहे? तिला विचारलंत?”

बाईने प्रश्न मराठीत सांगितला. मग, गेणूने ऐकला नसावा असं वाटून, पुन्हा एकदा सांगितला. त्याने पहिल्यांदाच ऐकला होता. चौघं जाणार हे तो धरून चालला होता, कारण फॉर्मवर चारच जागा भरल्या होत्या. रतनबाई मागे कुणाबरोबर राहील, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

साहेबाने नियम समजावला. आई जिवंत असताना भावाची मुलगी या फॉर्मवर जाऊ शकत नव्हती. तिच्या नावावर रेघ मारायची, शेजारी गेणूने सही करायची, शाळेचा दुरुस्त दाखला जोडायचा आणि महिन्याभरात कागद परत पाठवायचे. गुणांना त्याने धक्का लागत नव्हता.

कान्ह्याला तो दिवस मावळता पोचला. ओट्यावर कस्तुरा तांदूळ निवडत होती आणि रतनबाई विळ्याला धार लावत होती. पोरं बांधावर होती. गेणूने काही लपवलं नाही. सत्तावन्न सांगितले, तारखा सांगितल्या, रेघ सांगितली, आणि तो फॉर्म दोघींच्या मध्ये ठेवला.

“मी न्हाई खोडनार,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे त्यांचा कॅनडा. बगायचं व्हतं ते बगून झालं. पंधरा गुन कसं देत्यात ते कळलं.”

हे म्हणताना आपला आवाज खरा वाटावा म्हणून त्याने फार धडपड केली. पण ज्या कारखान्यांची त्याने दोन महिने स्वप्नं पाहिली होती ते त्याच्या तोंडावर दिसत होते, आणि कस्तुराने नजर खाली वळवली.

“दोन वर्सांनी बोलवून घिऊ की तिला,” ती हळूच म्हणाली. “तवर आक्कापाशी ऱ्हाईल.”

“माज्यापाशी ऱ्हाईल,” रतनबाई म्हणाली. ती विळा खाली ठेवून उठली नाही, फक्त तिचा हात थांबला. “तू आसं बोलतीस जनू माज्यापाशी ठेव ठेवायची हाय.”

मग ती गेणूकडे वळली.

“तुमी फारम भरला तवा मला कुनी इचारलं न्हाई, भावजी. मी बी बोलले न्हाई. म्हनलं, नऊ वर्सं पोर तुमच्या नावावर वाढली, तुमी कंदी भिमात न् तिच्यात भाकरीचा तुकडा कमीजास्त केला न्हाई. मंग आता कुटल्या तोंडानं म्हनू, माजी हाय? तिकडं शिकंल, चांगल्या घरी पडंल. मन घट केलं व्हतं. तुमी समदी गेल्यावर सकाळी उटून पयलं काय करायचं, ते सुदिक ठरवलं व्हतं.” तिने विळा खाली ठेवला. “आन् त्या गोऱ्या मानसानं इचारलं, तिच्या आईला इचारलं का म्हनून. त्यानं मला बगितलं बी न्हाई.”

“वैनी, चुकलं माजं.”

“तुमचं न्हाई चुकलं. तुमी माजी पोर आपली मानली, तेच्यात चूक कुटली? पर ती माजीच हाय.” मग तिने फॉर्म पुढे ओढला. तिला अक्षर येत नव्हतं. “हितं कुटं हाय सरू?”

गेणूने बोट ठेवलं.

“पेन द्या.”

“वैनी, मी जानार न्हाई म्हनलं ना.”

“आन् मंग जलमभर मोटारी भरताना म्हनाल, सरूपायी ऱ्हायलो. तोंडानं न्हाई म्हनला तरी मनात म्हनाल. तेवडं ओजं माज्या लेकीच्या डोईवर नगं. तुमी जा. भिमाला शिकवा. हितं शेत हाय, मी हाय. खोडायचं तर आईनं खोडायचं.”

तिने पेन विळ्याची मूठ धरावी तसं धरलं आणि गेणूच्या बोटाच्या कडेने रेघ ओढायला घेतली. सावकाश ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न उचलता. रेघ सरळ आली. मग पेन त्याच्या हातात दिलं आणि विळा उचलून ती पुन्हा धार लावायला लागली. गेणूने शेजारी सही केली. आयुष्यात त्याने इतका वेळ घेऊन सही केली नव्हती. कस्तुरा रडत होती, आणि दोन्ही पोरांना एकाच मांडीवर पाजलेली बाई रडणार नाही तर काय करणार?

रात्री रतनबाईने सरूला जवळ बसवून तिच्या बापाचं सांगितलं. काय सांगितलं ते गेणूने ऐकलं नाही. तो मुद्दाम गोठ्याकडे गेला. सकाळी सरू नेहमीसारखीच उठली, फक्त तिने न्याहारी करताना विचारलं, “तात्या, मी तुमाला तात्याच म्हनायचं ना?”

“व्हय की. दुसरं काय म्हननार?”

तिचं समाधान झालं.

शाळेत दाखला दुरुस्त करायचा होता. गेणू आणि रतनबाई दोघंही गेली. रतनबाई शाळेची पायरी पहिल्यांदाच चढली. आईचं म्हणणं गुरुजींनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, मोठं रजिस्टर काढलं, जुन्या नावावर तांबडी रेघ मारली आणि वर नवं नाव घातलं. “सहामाही परीक्षा जवळ आलीय. पेपरवर नवीनच नाव घालायला लागंल, पोरे,” ते सरूला म्हणाले. “आत्ताच पाटीवर काढून बघ.”

सरू दारातल्या उजेडात बसली. रतनबाई तिच्यामागे उभी राहिली आणि आपल्याला न वाचता येणारी अक्षरं उमटताना बघू लागली. गेणू रजिस्टरची शाई वाळायची वाट बघत टेबलापाशीच थांबला होता. दाखला मिळाला की तो तसाच स्टेशनवर जाऊन पाकीट टाकणार होता. महिन्यातले सव्वीस दिवस अजून शिल्लक होते, पण त्याला ते घरात ठेवायचं नव्हतं.

पहिला शब्द सरूने झरकन लिहिला. दुसऱ्या शब्दापाशी तिची पेन्सिल आपल्या सवयीने ‘गे’ काढून मोकळी झाली. तिने ते तळव्याने पुसलं, जरा विचार केला आणि एकेक अक्षर जुळवत नवं काढलं. मग आडनाव घातलं आणि पाटी उचलून सरळ गेणूकडे आली, कारण आजवर लिहिलेलं सगळं ती त्यालाच दाखवत आली होती.

“बगा, तात्या. बराबर हाय का?”

गेणूने पाटी दोन्ही हातांत धरली आणि वाचली. सरू सोपान सातकर.

“बराबर हाय,” तो म्हणाला, आणि पाटी रतनबाईच्या हातात दिली.